पोथी आणि धूळपाटी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींची अशी समजूत झाली असेल की, येथे पडद्यावर चित्रे दाखविली जाणार आहेत. तसे काही होणार नाही. पुस्तकातील मजकूर समजून घेण्यासाठी आकृती, नकाशा, वंशवृक्ष, तक्ता यांचा आधार कसा घ्यावा, एवढेच मला सांगायचे आहे. आणि हा आधार दुसऱ्याने आयता दिलेला नसावा, वाचणाऱ्याने तो आपल्या हाताने तयार करावा, असा माझा आग्रह आहे. हात चांगला नसला तरी चालतो. रेघ वाकडी आली म्हणून काही बिघडत नाही.

आपल्याकडे वाचणारांची वाण कधीच नव्हती. घरोघरी पोथी आहे, नेमाने अध्याय वाचणारी माणसे आहेत. परंतु वाचले म्हणजे समजले, असे आपण फार सहज धरून चालतो. ओठ हलतात, पान उलटते, आणि अर्थ मात्र पानावरच राहतो. समजले की नाही हे पाहण्याची कसोटी कोणती? घडाघडा म्हणून दाखविणे ही कसोटी नव्हे. पाठांतर आणि समज यांची आपण आजवर एवढी गल्लत केली आहे की, मुलाला ओळ न् ओळ येते असे सांगताना बापाची छाती फुगते. मी त्या मुलाला म्हणेन, बाबा, तू जे वाचलेस ते या पाटीवर काढून दाखव. जेथे त्याचा हात थांबेल, तेथे त्याचे समजणेही थांबलेले असते.

ही कल्पना साहेबाकडून आलेली आहे असे कोणी समजू नये. ती आपल्याच खानदेशाशी नाते सांगणाऱ्या एका ग्रंथात आहे. मी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'विषयी बोलतो आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036, म्हणजे सन 1114 चा. 'सिद्धांतशिरोमणि' त्यांनी छत्तिसाव्या वर्षी रचला, आणि 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. ग्रंथ पद्यात आहे. पद्यात अशासाठी की तो कानाने घ्यायचा आणि डोक्यात ठेवायचा. आता गंमत पाहा. पद्यातला प्रश्न संपला की खाली एक छोटासा शब्द येतो : न्यास. न्यास म्हणजे मांडणे, ठेवणे. श्लोकात जे सांगितले ते आता पाटीवर मांड, अशी ती सूचना. अंकांचा प्रश्न असेल तर अंक मांडायचे, क्षेत्राचा असेल तर आकृती काढायची. आपले जुने गणिती फळ्यावर धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने हिशेब करीत. धुळाक्षरे हा आपला शब्द त्याच घरातला. म्हणजे तोंडात श्लोक आणि बोटाखाली धूळ, असे हे जोडीचे शिक्षण होते. पुढे आपण श्लोक तेवढा ठेवला आणि धूळ झटकून टाकली. (धुळ्यात उभा राहून मी धुळीची बाजू घेतो आहे, हा केवळ योगायोग समजावा.)

त्यातला एक प्रश्न आपण घेऊ. सपाट जमिनीवर 32 हात उंचीचा एक वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तर तो बुंध्यापासून किती हातांवर मोडला?

हा प्रश्न शाळेतल्या मुलाला नुसता वाचून दाखवा. तो लगेच विचारील, "वजाबाकी करायची की भागाकार?" बत्तिसातून सोळा गेले सोळा, किंवा सोळा दुणे बत्तीस, काहीतरी उत्तर तो आपल्या तोंडावर फेकील. दोष त्याचा नाही. मजकुरातून दोन आकडे उचलायचे आणि त्यांवर एक क्रिया करायची, एवढेच त्याला शिकविले आहे. आता त्याच्याकडून चित्र काढून घ्या. एक उभी रेघ, एक जमिनीची आडवी रेघ, आणि मोडलेल्या भागाची तिरपी रेघ. झाला काटकोन त्रिकोण. उभी रेघ किती, ठाऊक नाही. तिरपी किती, तेही ठाऊक नाही. पण थांबा! उभी आणि तिरपी मिळून पूर्वीचा सबंध वेळूच आहे. म्हणजे दोहोंची बेरीज 32. ही गोष्ट श्लोकात शब्दाने सांगितलेली नाही. ती चित्रात दिसते. मग उभी 12 आणि तिरपी 20 हे निघायला वेळ लागत नाही : बाराचा वर्ग 144, सोळाचा 256, बेरीज 400, आणि 400 हा विसाचा वर्ग. चित्राने उत्तर दिलेले नाही, हे ध्यानात घ्या. चित्राने प्रश्न काय आहे ते दाखविले.

पण मला 'लीलावती'तील याहून आवडणारी जागा वेगळी आहे. भास्कराचार्य म्हणतात की, ज्या आकृतीची एक बाजू बाकीच्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, ती आकृतीच नव्हे. आणि असा अशक्य प्रश्न घालणाऱ्याला ते धीट म्हणतात. उदाहरण देतात : चौकोनाच्या बाजू 3, 6, 2 आणि 12; त्रिकोणाच्या 3, 6 आणि 9. कोणी या त्रिकोणाचे क्षेत्रफळ विचारले तर करायचे काय? आचार्य मोठे प्रमेय सांगत बसत नाहीत. बाजूंच्या लांबीच्या सरळ काड्या घ्या, बाजूंच्या जागी ठेवा आणि ही आकृती बनत नाही हे दाखवून द्या, म्हणतात. बारावे शतक, आणि काड्या! तीन आणि सहाच्या काड्या नऊच्या काडीवर आडव्या पडतात, मध्ये जागाच उरत नाही. शब्दांना काहीही बोलता येते. काड्यांना खोटे बोलता येत नाही.

येथून मी एकदम आपल्या घरच्या गोष्टीवर येतो, कारण आचार्यांनीच ती वाट काढून ठेवली आहे. चौकोनाच्या चार बाजूंची लांबी सांगून कोणी त्याचे क्षेत्रफळ विचारले, तर आचार्य रागावतात. लंब दिला नाही, कर्ण दिला नाही, आणि उत्तर मागतोस? असा प्रश्न विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. मग दाखवूनही देतात. चारही बाजू 25 असलेला चौकोन घ्या. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ 625. थोडा कलता केला, एक कर्ण 30 आणि दुसरा 40 झाला, की 600. आणखी दाबला, कर्ण 14 आणि 48 झाले, की 336. बाजू त्याच, पंचवीस-पंचवीस. जागा मात्र जवळजवळ निम्म्यावर आली!

देवपुरात गेल्या दोन-तीन पिढ्यांत वसाहतीवर वसाहती उभ्या राहिल्या. पांझरेच्या या काठाला कालपरवापर्यंत जेथे शेते होती तेथे आज प्लॉट आहेत, बंगले आहेत. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी आयुष्यात एकदा तरी खरेदीखतावर सही केली असेल. त्या खतात काय असते? चतुःसीमा असते : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक नंबरचा प्लॉट, दक्षिणेस, उत्तरेस. बाजूंची लांबी असते, क्षेत्रफळ असते. आपण काय करतो? नाव बरोबर आहे ना, रक्कम बरोबर आहे ना, एवढे पाहतो आणि बाकीचा मजकूर वकिलाच्या भरवशावर सोडतो. आणि सातबारा! गाव नमुना सात आणि बारा मिळून झालेला हा उतारा आता मोबाइलवरही मिळतो, ही चांगलीच सोय आहे. परंतु त्यात क्षेत्र आहे, नावे आहेत, बोजा आहे, पीक आहे. जमिनीचा आकार त्यात नाही. आकार गावच्या नकाशात असतो आणि मोजणीच्या टिपणात असतो. सातबारा वाचणारा नकाशा पाहत नाही आणि नकाशा पाहणारा सातबाऱ्याशी त्याचा मेळ घालीत नाही. बांधावरची किती भांडणे या दोन कागदांच्या मधल्या फटीत उगवली असतील, कोणास ठाऊक.

म्हणून माझे सांगणे इतकेच की, सही करण्यापूर्वी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर का होईना, एक कागद घ्या. वर उत्तर लिहा. खतातल्या चार सीमा चार बाजूंना मांडा. लांबी लिहा. 30 फूट आणि 40 फूट बाजूंचा काटकोनी प्लॉट असेल तर त्याचा कर्ण 50 फूट भरलाच पाहिजे. प्रत्यक्ष जागेवर फीत लावून दोन्ही कर्ण मोजा. भरत नसतील तर बाजू बरोबर असूनही 1200 चौरस फूट भरणार नाहीत. हे आपल्या गवंड्याला ठाऊक असते. तो गुण्या लावतो, नाहीतर दोरीने तीन-चार-पाच धरतो. शिकलेल्या मालकालाच ते ठाऊक नसते, कारण मालकाने फक्त मजकूर वाचलेला असतो. आणि चतुःसीमा मांडताना पश्चिमेचा शेजारी उत्तरेला आलेला आढळला, रस्ता जेथे लिहिला आहे तेथे नाला निघाला, तर ती चूक तेव्हाच सापडते. नोंदणी झाल्यावर तीच चूक कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते.

भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे, तर चाळीसगावपर्यंत जाऊन येऊ. तेथून वीस किलोमीटरच्या आत डोंगराच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणादेवीला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तेथे एक शिलालेख सापडला, शके 1128 चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटण्याला मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा हा लेख आहे. लेख बहुतांशी संस्कृतात, शेवटी थोडी जुनी मराठी. त्यात चांगदेवाचे कूळ सांगितले आहे, आणि ते वाचताना नवशिक्याची हमखास फसगत होते. कारण त्यात भास्कर दोन आहेत. एक भास्करभट्ट, तो त्रिविक्रमाचा मुलगा. आणि आपले भास्कराचार्य पुष्कळ पिढ्यांनी मागाहून आलेले. नुसते वाचत गेलात तर दोघे एकमेकांत मिसळतात. एकाखाली एक नावे लिहा : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. नऊ नावांची एक सरळ शिडी तयार झाली, आणि दोन भास्करांमधले अंतर डोळ्यांना दिसले.

पण खरी मौज पुढेच आहे. चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठी, बहाळ म्हणून गाव आहे. तेथेही एक लेख आहे, शके 1144 चा, म्हणजे पाटण्याच्या लेखानंतर सोळा वर्षांनी कोरलेला. तो अनंतदेव नावाच्या ज्योतिषाचा आहे. हाही सिंघणाच्याच पदरी. अनंतदेवाचा बाप गणपती, आजा श्रीपती, पणजा महेश्वर आणि खापरपणजा मनोरथ. मनोरथ आणि महेश्वर! ही नावे कोठे वाचली बरे? आता आपली मघाची शिडी घ्या आणि महेश्वराच्या नावापासून उजवीकडे दुसरी फांदी काढा : श्रीपती, गणपती, अनंतदेव. शिडीचा वृक्ष झाला. भास्कराचार्यांना श्रीपती नावाचा भाऊ होता, हे पाटण्याचा लेख सांगत नाही. आणि बहाळचा लेख भास्कराचार्यांपर्यंत येत नाही. दोन दगड दोन गावांत आपापले बोलत होते. कागदावरच्या एका रेघेने त्यांची गाठ घालून दिली. इतिहाससंशोधन म्हणजे काही गूढ विद्या आहे असे अनेकांना वाटते. त्याचा पुष्कळसा भाग हा असा आहे.

धुळ्यात इतिहासाची गोष्ट काढून राजवाड्यांचे नाव न घेणे शोभणार नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी याच शहरात 31 डिसेंबर 1926 रोजी देह ठेवला, आणि त्यांनी जन्मभर जमविलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रे आहेत. म्हणजे शेवट पानिपतावर. तो खंड हातात घेऊन सामान्य वाचक दहा पानांत थकतो. एक पत्र दिल्लीहून, दुसरे अंतर्वेदीतून, तिसऱ्यात पैशाची ओढ, चौथ्यात कोणाची तरी तक्रार. तारखा चंद्राच्या, महिने मुसलमानी. वाचक म्हणतो, हे विद्वानांचे काम. मी म्हणतो, दोन कागद घ्या. एकावर लांब आडवी रेघ ओढा, तिच्यावर वरच्या अंगाला पत्रातली तारीख आणि खालच्या अंगाला इंग्रजी तारीख लिहीत चला. दुसऱ्यावर यमुना काढा, बस्स, वरून खाली येणारी एक नदी. तिच्या काठी दिल्ली, वर बागपत, त्याच्या वर पानिपत, आणखी वर कुंजपुरा.

आता 1760 सालच्या हालचाली मांडा. मार्चमध्ये भाऊसाहेब परतुराहून निघाले. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पावसाळ्यामुळे यमुना दुथडी. मराठे पश्चिमेस, अब्दाली पूर्वेस. 17 ऑक्टोबरला भाऊंनी उत्तरेकडे जाऊन कुंजपुरा घेतला. तेथे धान्य मिळाले, आनंद झाला. इकडे त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अब्दाली बागपताशी नदी उतरून अलीकडे आला. पेन्सिल घेऊन हे एवढे करा आणि मग नकाशाकडे नीट पाहा. अब्दाली कोठे आहे? मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये. दक्षिणेतून आलेले मराठे पानिपतावर दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत, आणि उत्तरेतून आलेला अब्दाली उत्तरेकडे तोंड करून! प्रत्येकाच्या घरचा रस्ता शत्रूच्या पाठीमागे गेला. 14 जानेवारी 1761 पर्यंतच्या अडीच महिन्यांतल्या पत्रांत रसदेची जी ओरड आहे, तिचा अर्थ आता कळतो. कुंजपुऱ्याच्या विजयाने आनंद झाला, तेव्हाच मागचे दार बंद होत होते. पानिपतावर अश्रू ढाळणारे महाराष्ट्रात पुष्कळ भेटतात. कोण कोणत्या दिशेला उभे होते, असे त्यांना विचारून पाहावे.

मिनार नावाच्या एका फ्रेंच इंजिनियराने 1869 साली नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा एक नकाशा काढला. जाताना सैन्याचा पट्टा रुंद, 4,22,000 माणसांचा. परत येताना तो बारीक होत होत 10,000 चा दोरा होतो. शेकडो पानांची हकीकत एका कागदावर. पानिपतच्या मोहिमेचा असा नकाशा आपल्या एखाद्या हायस्कुलातल्या मुलांनी मिळून काढला, तर मला त्याचे फार अप्रूप वाटेल.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, गणित आणि इतिहास ठीक आहे, पण काव्याचे काय? ज्ञानेश्वरीची चित्रे काढायची काय? आक्षेप खरा आहे. आयती चित्रे वाचकाचे नुकसानही करतात. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने 1894 पासून देवदेवतांची चित्रे घरोघर पोचविली, ती सुंदरच होती. पण त्यानंतर लक्ष्मी म्हटली की आपल्याला तीच लक्ष्मी दिसू लागली. मनातली निराळी लक्ष्मी मावळली. म्हणून तर मी आरंभीच म्हटले की चित्र आयते नको. आणि ज्ञानेश्वर माउली एका विचाराला दृष्टान्तामागून दृष्टान्त देतात, त्यांचे चित्र काढू गेल्यास हसे होईल. तेथे चित्र नको, तक्ता करावा. तेरावा अध्याय घ्या. अमानित्वापासून ज्ञानाची लक्षणे सुरू होतात. गीतेत ती पाच श्लोकांत उरकली आहेत, ज्ञानेश्वरीत त्यांचा केवढा विस्तार! एकट्या अहिंसेतच वाचक इतका रमतो की आपण कितव्या लक्षणावर आहोत हे विसरून जातो. त्याने एका कागदावर डावीकडे लक्षणांची नावे उतरावीत, उजवीकडे प्रत्येकाचे दृष्टान्त थोडक्यात टिपावेत. सात दिवसांत पारायण उरकणाऱ्याला हे जमणार नाही. एक अध्याय महिनाभर पुरवून वाचणाऱ्याला जमेल, आणि कोणता दृष्टान्त कोणत्या बाजूने लागू पडतो, कोठे माउलींनी उपमा मुद्दाम अर्धी सोडली आहे, हे त्याला त्या दोन रकान्यांत दिसू लागेल. ओवीचा नाद मात्र तक्त्यात येत नाही. त्यासाठी पुन्हा पोथीकडेच यावे लागते, आणि मोठ्याने वाचावे लागते.

वेळ होत आली. मघाच्या वेळूचे उत्तर मी आपल्याला सांगून टाकले. 'लीलावती'तला दुसरा प्रश्न मात्र घरी घेऊन जा. 9 हात उंचीचा खांब आहे, त्याच्या बुडाशी सापाचे बीळ आहे, आणि खांबावर मोर बसला आहे. बिळापासून 27 हातांवर मोराला साप दिसला. तो बिळाकडे येतो आहे. मोराने तिरपी झेप घेतली. दोघांची चाल सारखी. तर बिळापासून किती हातांवर मोराने साप गाठला? उत्तर 12 आहे. पण ते बाराच का, हे शोधण्यासाठी आज रात्री मुलांना शेजारी बसवा, आणि पहिली रेघ त्यांना ओढू द्या.